टोळी दिसते, मुकादम दिसत नाही

शंकेखोर : हाडातल्या या गाठीबद्दल माझी पहिली तक्रार वैद्यकीय नाहीच, भाषेची आहे. तुकड्याचा रिपोर्ट येतो, 'जायंट सेल ट्यूमर', थोडक्यात जीसीटी. आपण पेशंटला सांगतो, घाबरू नका, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. आई तिथल्या तिथे हात जोडते, मामा पेढ्यांची भाषा करतो. मग आपण हळूच पुढचं सांगायला लागतो. गुडघ्यावरचं हाड आतून पोखरलंय, गाठ सांध्याच्या कूर्चेला भिडलीय, खरवडून काढून सिमेंट भरावं लागेल, तरी पुन्हा होऊ शकते, आणि हो, छातीचाही फोटो काढत राहायचा. छातीचा कशाला, असं त्या आईनं विचारलं की आपली पंचाईत. साधी गाठ कधी फुप्फुसात जाते का? पण ही जाते, शंभरात दोन-चार जणांची. गळू साधं असतं, चरबीची गाठ साधी असते. पंचविशीतल्या मुलीचा गुडघा पोखरते तिला साधी म्हणणं मला जमत नाही. ते मुळात कुणाच्या सोयीसाठी म्हणतो आपण?

उत्साही : पेशंटच्याच. त्या शब्दाचा इतिहास विसरू नका. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरनं १८१८ मध्ये या गाठीचं वर्णन केलं. त्यानंतर शंभरेक वर्षं सर्जनांना एकच प्रश्न पडत होता, हे मारणारं आहे की नाही? उत्तर ठाऊक नसलं की सर्जन सुरक्षित बाजूला झुकतो, आणि त्या काळात सुरक्षित बाजू म्हणजे करवत. सार्कोमा समजून मांडीपासून पाय काढले गेले. काही जण जगले, मग त्यांना 'बरा झालेला सार्कोमा' म्हणून मिरवलं गेलं. म्हणजे पाय विनाकारण गेला तो गेला, वर आकडेवारीही खोटी झाली. बाल्टिमोरचा जोसेफ ब्लडगुड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठासून सांगू लागला की ही गाठ निराळी आहे, खरवडा, पाय कापू नका. १९२० मध्ये बोस्टनच्या कॉडमननं हाडांच्या सार्कोमाची नोंदवही सुरू केली. देशभरातून केसेस मागवल्या, काचपट्ट्या मागवल्या, आणि पाहता पाहता उघड झालं की एकाच नावाखाली अनेक वेगळे आजार गोळा झालेत. शेवटी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या जाफी, लिक्टनस्टाइन आणि पोर्टिस यांनी जीसीटी इतरांपासून नीट वेगळी काढली. 'साधी' हा शब्द त्या भांडणातून आलाय. तुम्हाला तो खोटा वाटतो. त्यानं पाय वाचवले.

शंकेखोर : वाचवले, मान्य. पण औषधाला एक्स्पायरी असते तशी शब्दालाही असावी. 'साधी' म्हटल्यावर लोक सैलावतात, डॉक्टरसुद्धा. साधीच आहे तर किरणांनी जाळा, असं म्हणून एके काळी रेडिएशन सर्रास दिलं गेलं. त्यातल्या काहींना वर्षांनंतर त्याच जागी खरा सार्कोमा झाला. शब्दाच्या भरवशावर केलेली साधी गोष्ट अंगाशी आली. आणि आजचं सांगतो. गंभीर आजाराच्या विम्याचे कागद काढा. कॅन्सरच्या व्याख्येखाली काय काय वगळलंय ते बारीक अक्षरात असतं. बिनाइन वगळलंय, बॉर्डरलाइन वगळलंय. म्हणजे आमची पेशंट दोन ऑपरेशनं करून, वर्षभर नोकरीवर न जाता घरी बसते आणि तिला उत्तर मिळतं, ताई, तुमची गाठ साधी होती. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठीचा कोड काय आहे? ९२५० तिरकी रेघ १. शेवटी शून्य म्हणजे साधी, तीन म्हणजे कॅन्सर. एक म्हणजे काय? एक म्हणजे, आम्ही ठरवलेलं नाही.

उत्साही : एक म्हणजे मधली. जागेवर आडदांड, क्वचित लांब जाणारी. हे न ठरवणं नाही, तिसरा कप्पा आहे असं ठरवणं आहे. आपल्याला दोनच कप्प्यांची सवय, त्याला कोड काय करणार! पण खोटा शब्द शोधायचाच असेल तर 'साधी' सोडा, नावाचा पहिला भाग घ्या. जायंट सेल.

काचपट्टीवर पाहिलं की नजर आधी तिथेच जाते. अवाढव्य पेशी, एकेकीत पन्नास-पन्नास केंद्रकं, कधी त्याहून जास्त, मुरमुऱ्याच्या लाडवासारखी गच्च. शंभरेक वर्षं सगळ्यांनी धरलं की गुन्हेगार ह्याच. दिसायलाच राक्षस, हाड खाताना रंगेहाथ सापडलेल्या, अजून काय पुरावा हवा? गाठीला नावही त्यांचंच दिलं. आणि मग कळलं, त्या गाठीच्या नव्हेतच. रक्तातून आलेल्या साध्या पेशी एकमेकींत मिसळून तशा झाल्यात. निरोगी हाडातही ऑस्टिओक्लास्ट तशाच घडतात, जुनं हाड खरवडून काढण्याचं रोजचं काम करतात. गाठ आहे ती त्यांच्या आजूबाजूच्या लहान, एका केंद्रकाच्या, नजरेत न भरणाऱ्या पेशींची. त्यांच्यात बिघाड आहे, त्या वाढतात, आणि त्या एक रेणू सोडतात. रँक लायगँड त्याचं नाव. त्याच्या इशाऱ्यावर ह्या महापेशी जमतात आणि हाड खायला लागतात.

ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. फडात दिसते ती टोळी, कोयते तिच्या हातात, ऊस आडवा पडतो तो तिच्या हातून. पण टोळी आपणहून आलेली नसते. मुकादमानं गावात जाऊन उचल दिली म्हणून ती आली. मुकादम लांब बांधावर उभा असतो, फोटोत येत नाही. या गाठीतल्या महापेशी म्हणजे टोळी, त्या लहान पेशी म्हणजे मुकादम, आणि रँक लायगँड म्हणजे उचल. आपण शंभर वर्षं टोळीच्या नावानं फडाची नोंद करत आलो.

शंकेखोर : दृष्टान्त चांगला आहे, टोळीच्या बाजूनंही आहे, म्हणून आवडला. पण माझा अनुभव असा की दृष्टान्त चांगला जमला की माणूस तपासणी कमी करतो. तुमची टोळी एकाच मुकादमाची आहे का? महापेशी जिथे दिसतील तिथे जीसीटी नसते. चाळिशीतली बाई येते, मनगटाजवळ गाठ, जबड्यात अजून एक, तुकडा काढला तर काचपट्टीवर महापेशींचा बाजार. रिपोर्ट येतो, जीसीटी. सर्जन खरवडतो. तीन महिन्यांनी मांडीत तिसरी गाठ. कारण रोग हाडाचा नव्हताच, गळ्यातला होता. पॅराथायरॉईडची मटाराएवढी ग्रंथी फुगलीय, रक्तात कॅल्शियम चढलंय, आणि हुकूम तिथून सुटतोय. ब्राऊन ट्यूमर. मुकादम हाडात नाही, गळ्यात बसलाय. ग्रंथी काढा, हाडं बऱ्याच अंशी आपसूक भरत येतात.

आणि आपण या बाबतीत पहिल्यांदा फसलो असं नाही. व्हिएन्नात ट्रामचा एक कंडक्टर होता, वैद्यकाच्या इतिहासात त्याला आल्बर्ट म्हणतात. हाडं ठिसूळ झालेली, मांडीचं हाड मोडलेलं. फेलिक्स मांडल या सर्जनाला वाटलं, हाडं झिजतायत म्हणजे पॅराथायरॉईडचा रस कमी पडतोय. म्हणून त्यानं आल्बर्टला दुसऱ्याच्या ग्रंथीचं कलम लावलं! काही उपयोग झाला नाही. मग १९२५ मध्ये त्यानं गळा उघडला, फुगलेली ग्रंथी सापडली, काढली, आणि आल्बर्ट सुधारला. कमी नव्हतं, जास्त होतं. काही वर्षांनी दुखणं उलटलं ही पुढची गोष्ट, पण चूक कबूल करून उलट दिशेनं ऑपरेशन करणारा माणूस म्हणून मला मांडल आवडतो. बोस्टनमध्ये कॅप्टन चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजावरचा अधिकारी होता. सहा फुटी माणूस, रोगानं कित्येक इंच बुटका झाला. ती ग्रंथी शोधण्यासाठी त्याच्यावर ऑपरेशनांमागून ऑपरेशनं झाली. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती सापडली, गळ्यात नव्हे, छातीत. त्यानंतर काही आठवड्यांत मूतखड्याच्या त्रासात तो गेला.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य देशांत कॅल्शियम नेहमीच्या रक्ततपासणीतच कळतं, पेशंट हाडांपर्यंत पोचण्याआधी पकडला जातो. आपल्याकडे तो हाडं पोखरल्यावर येतो, त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी. म्हणून ब्राऊन ट्यूमर आपल्याला पुस्तकात नव्हे, ओपीडीत भेटतो. आणि कॅल्शियमची तपासणी किती स्वस्त! तरी ती बायोप्सीनंतर आठवते, कधी ऑपरेशननंतर. तुम्हाला रेणू सापडला, आनंद आहे. आम्हाला अजून कॅल्शियमचा कागद सापडत नाही.

उत्साही : हा टोमणा मला लागू आहे, घेतो. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉईड हॉर्मोन पाहिल्याशिवाय महापेशींच्या गाठीवर सही करू नये, हे मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. पण तुम्ही ज्याला माझा उत्साह म्हणता तो नेमका इथेच कामाचा आहे. महापेशींची ही सगळी नातलग मंडळी काचपट्टीवर जुळी दिसतात म्हणून तर कॉडमनही चकला. खांद्याच्या हाडातल्या कूर्चेच्या ज्या गाठीला आज कॉंड्रोब्लास्टोमा म्हणतात, तिला त्यानं १९३१ मध्ये महापेशी-गाठीचाच एक प्रकार म्हटलं होतं. जाफी-लिक्टनस्टाइननी ती नंतर वेगळी काढली, तशीच रक्तानं भरलेली अ‍ॅन्युरिझ्मल सिस्टही. पण त्यांचा आधार नजरच होता. २०१३ मध्ये नजरेपलीकडचा पुरावा आला. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यातल्या हिस्टोन ३.३ मध्ये चौतिसाव्या जागी एक अक्षर बदललेलं, ग्लायसिनच्या जागी बहुतेक वेळा ट्रिप्टोफॅन. त्या अभ्यासातल्या शंभरातल्या ब्याण्णव जीसीटींत हा बदल सापडला. आणि कुठे? लहान पेशींत. महापेशींत नाही. मुकादम अखेर नावानिशी सापडला तो असा. कॉंड्रोब्लास्टोमात बदल छत्तिसाव्या जागी. अ‍ॅन्युरिझ्मल सिस्टचं वेगळंच जनुक मोडलेलं. ब्राऊन ट्यूमरमध्ये यातलं काहीच नाही, कारण तिथे हाड निर्दोष आहे. आता चौतिसाव्या जागेचा बदल ओळखणारा रंग मिळतो. तो टाकला की लहान पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, महापेशी निळ्याच राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे कबूल करतो. आयुष्यभर जी चित्रं पाहिली त्यांत कोण कोण आहे, ते त्या दिवशी दिसलं.

शंकेखोर : शंभरातल्या आठांचं काय?

उत्साही : त्यांच्यात तो बदल सापडत नाही.

शंकेखोर : आणि एखाद्या खऱ्या कॅन्सरमध्ये हाच बदल सापडला तर? सापडतो, जीसीटी बिघडून झालेल्या सार्कोमात सापडतो. रंग तपकिरी आला म्हणून सही करून मोकळे झालात तर घात होईल. म्हणून माझा भर अजून एक्स-रेवर आहे. हाडाचं टोक, सांध्याला लागून, वाढ पूर्ण झालेलं हाड, वय वीस ते पंचेचाळीस, ही चौकट. गुडघ्याचं वरचं-खालचं हाड, मनगट, माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी, ह्या तिच्या आवडत्या जागा. चौदा वर्षांचा मुलगा, वाढीची चकती उघडी, गाठ हाडाच्या मधोमध, आणि रिपोर्ट जीसीटी, तर मी तो रिपोर्ट खिशात ठेवतो आणि पुन्हा विचारतो. महापेशी असलेला ऑस्टिओसार्कोमा तर नाही ना? तिथे चूक झाली तर खरवडणं म्हणजे कॅन्सर पसरवणं. स्पष्टच सांगतो, हे मी रेणूच्या विरोधात बोलत नाही. रेणू एक साक्षीदार आहे. तुम्ही त्याला न्यायाधीश करताय.

आणि औषधाच्या वेळी तेच झालं.

उत्साही : औषधाचं बोलायचंच होतं. उचल कोणती ते कळल्यावर पुढचं पाऊल सरळ होतं, ती वाटेत अडवायची. डेनोसुमॅब तेच करतं. मूळचं हे हाडं ठिसूळ झालेल्या बायकांसाठी, सहा महिन्यांतून एकदा साठ मिलिग्रॅम. जीसीटीला एकशेवीस, दर चार आठवड्यांनी, पहिल्या महिन्यात दोन डोस जादा. जून २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला या गाठीसाठी मान्यता मिळाली, तीही ज्यांचं ऑपरेशन शक्य नाही किंवा ऑपरेशननं माणूस अपंग होईल अशांसाठी. त्रिकास्थीतली गाठ घ्या. ती काढायची म्हणजे लघवी-शौचाच्या नसा पणाला. तीस वर्षांच्या माणसाला आयुष्यभर पिशवी लावून फिरायला लावायचं, एका 'साध्या' गाठीसाठी! तिथे हे इंजेक्शन दिलं की दुखणं काही आठवड्यांत उतरतं, गाठीभोवती नवं हाड धरायला लागतं, नंतर तुकडा पाहिला तर महापेशी जवळपास गायब. तुमच्या चाळीस वर्षांत खरवडण्याशिवाय दुसरं काय होतं हातात?

शंकेखोर : काही नव्हतं. म्हणून तर सगळ्यांनी झडप घातली. त्रिकास्थीसाठी आलेलं औषध गुडघ्यासाठी वापरायला लागले. युक्तिवाद सुंदर होता. आधी चार-सहा महिने इंजेक्शनं, गाठीला कवच येईल, मग खरवडणं सोपं जाईल, सांधा वाचेल. झालं काय? अनेक ठिकाणचे अभ्यास आले की आधी औषध देऊन मग खरवडलेल्या गाठी जास्त उलटल्या. आणि हे तुमच्याच दृष्टान्तात बसतं. तुम्ही उचल थांबवलीत, टोळी परतली, फड शांत झाला. मुकादम गेला का? तो तिथेच, आता नव्या जाड हाडाच्या भिंतीत घुसून बसलाय. पूर्वी खरवडताना मऊ, तांबूस गाठ आणि पांढरं हाड यांतली सीमा डोळ्यांना दिसायची. आता सगळं कडक, सगळं पांढरं. सर्जन कवच वाचवतो, आणि त्या कवचातच ती लहान पेशी. इंजेक्शन थांबलं की नवा हंगाम, नवी उचल. शत्रू ओळखल्यावर तुम्ही मारलंत कुणाला? पुन्हा टोळीलाच!

उत्साही : हे मला मान्य करावं लागतं. आणि एक भर माझ्याकडून. औषधानंतरचा तुकडा आम्हा काचपट्टीवाल्यांसाठीही कोडं झालाय. महापेशी गेलेल्या, भोवती अर्धवट हाड विणलेलं, अगदी ऑस्टिओसार्कोमासारखं. औषध दिल्याचं कागदावर लिहिलं नसेल तर आम्ही भलतंच लिहून बसू. म्हणजे ज्या औषधानं उपचाराची अडचण सोडवायची, त्यानंच निदानाची नवी तयार केली. तरी मी त्रिकास्थीचा पेशंट तुमच्या करवतीकडे परत पाठवणार नाही. फुप्फुसात गेलेल्यालाही नाही.

शंकेखोर : पाठवू नका. पण मग मला एका गोष्टीचं उत्तर द्या. थांबवायचं कधी? सुरू केलं की थांबेपर्यंत ठीक, थांबवलं की गाठ जागी होण्याची भीती. म्हणून चालू ठेवायचं. किती वर्षं? ही तिशीतली माणसं. जबड्याचं हाड सडण्याचा धोका डोस साठत जाईल तसा वाढतो, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. कॅल्शियम घसरतं म्हणून गोळ्या. कोवळ्या वयात बंद केलं तर उलट कॅल्शियम उसळू शकतं. आणि बाईला मूल हवं असेल तर? ही गाठ बायकांत थोडी जास्त, त्यात दिवस गेले की कधी कधी वाढते, आणि हे औषध गरोदरपणात चालत नाही. गाठ, औषध आणि मूल यांत क्रम लावायचा कुणी, आपण की तिनं? आमच्या काळी निर्णय सोपे होते, कारण पर्यायच नव्हते. खरवडा, फिनॉल लावा, जमल्यास द्रवरूप नायट्रोजननं गोठवा, सिमेंट भरा.

उत्साही : आणि शंभरातल्या तीस-चाळीस उलटल्या तर उलटल्या.

शंकेखोर : नुसतं खरवडायचो तेव्हा, हो. नंतर जलद फिरणारी बर आली, सिमेंट आलं, तो आकडा बराच उतरला. पण शून्यावर कधीच नाही. आणि तुमचा रंग आल्यानंतरही नाही, हे सांगून ठेवतो.

उत्साही : नाही, हे खरं. पण मला वाटतं आपलं भांडण औषधावर नाहीच. तुम्हाला वाटतं, दिसतं त्यावर विश्वास ठेवा : एक्स-रे, हातात लागलेलं हाड, वय. मला वाटतं, दिसतं त्यानं या गाठीत शंभर वर्षं फसवलं. आणि औषधानं दाखवून दिलं की न दिसणारं कळलं तरी हात शेवटी दिसणाऱ्यावरच पडतो. महापेशी मारणं जमलं, लहान पेशी मारणं अजून जमलेलं नाही. हिस्टोनमधली ती चूक दुरुस्त करणारं काहीही आज हातात नाही.

शंकेखोर : मग त्या आईला काय सांगायचं? साधी की कॅन्सर? कॅन्सर म्हटलं तर मुलीचं लग्न मोडतं, बाप अंगारे-धुपारे करत फिरतो. साधी म्हटलं तर दोन वर्षांनी फॉलोअपला कुणी येत नाही, आणि उलटली तर बहुतेक त्याच दोन-तीन वर्षांत उलटते. दोन्ही शब्दांनी ती माझ्या ओपीडीतून नाहीशी होते.

उत्साही : मी अलीकडे दोन्ही वापरत नाही. म्हणतो, ही मधली गाठ आहे, ही सहसा जीव घेत नाही, पण जागा सोडत नाही.

शंकेखोर : आणि विम्याच्या फॉर्मवर?

उत्साही : तिथे ९२५० तिरकी रेघ १. पैसे मिळत नाहीत.

शंकेखोर : तेवढं तरी खरं बोललात. आता एक्स-रे लावा. त्या मुलीच्या गुडघ्यात सिमेंट पांढरं दिसतंय, भोवती हाड पांढरं, मध्ये बारीक काळी रेघ. ती असतेच, सगळ्यांना असते. मागच्या वेळेपेक्षा रुंद वाटते का?

उत्साही : मला नाही वाटत. मागचा फोटो कुठे आहे?

शंकेखोर : आणला नाही तिनं. साधी गाठ आहे म्हणून घरी कुणी जपून ठेवला नाही. तीन महिन्यांनी दोन्ही फोटो घेऊन बोलावतो, गुडघ्याचा आणि छातीचा.